टेबलावर गठ्ठा आहे, नोंदीत नाही

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना. कटिंग आणि शिलाई उरकलेले टॉवेल पॅकिंगच्या टेबलावर येतात. डझनाचा गठ्ठा इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचा, वजन स्थिरावलं की 'टुक' वाजतं, गठ्ठ्यावर लेबल लागतं, आणि तो बांधणाऱ्या बाईच्या टोकनवर मजुरी चढते. तक्रार अशी होती की संध्याकाळी टेबलावरचे गठ्ठे मोजले तर ते नोंदीपेक्षा जास्त भरायचे. रोज नाही, आणि फरकही कधी सारखा नाही. एखाद्या दिवशी हिशेब तंतोतंत जुळायचा, तर गाडी भरायची घाई असली की दहा-पंधरा गठ्ठ्यांची तूट.

मजुरी डझनावर असल्यानं ही तूट थेट बायकांच्या खिशातून जायची. मुनीम म्हणायचे, बायका वजन न करताच गठ्ठा सरकवतात. बायका म्हणायच्या, काटा खोटा आहे. त्यातल्या एका अक्कांनी मला विचारलेला प्रश्न मात्र अगदी नेमका होता : "मशीन वाजलं की वो सर. वाजलं म्हणजे घेतलं ना? मग माझी नोंद कुठं गेली?"

वाजलं म्हणजे घेतलं, हे खरं की नाही, एवढ्यावरच हे सगळं प्रकरण उभं आहे.

मांडणी

काट्यापासून सीरियल केबल एका जुन्या डेस्कटॉपला जोडलेली, त्यावर उबंटू लिनक्स. दोन प्रोग्राम, दोन्ही पायथनमधले. पहिल्याला तिथे 'काटा' म्हणतात : तो वजन वाचतो, लागोपाठ काही वाचनं सारखी आली की मेसेज तयार करून पाठवतो आणि टुक वाजवतो. दुसरा 'नोंद' : तो मेसेज घेतो, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळ टाकतो, लेबल प्रिंटरला पाठवतो, लेबल बाहेर आलं की पुढचा मेसेज घेतो. दोघांच्या मध्ये टीसीपी सॉकेट, म्हणजे नेटवर्कच्या टीसीपी नियमांनी चालणारी जोडणी; पत्ता १२७.०.०.१, तोच कॉम्प्युटर. म्हणजे एक बाइटसुद्धा कॉम्प्युटरच्या बाहेर पडत नाही. त्यामुळे सॉकेटवर कुणाचाच संशय नव्हता. केबल बदलून झाली, काट्याचं कॅलिब्रेशन झालं, अर्थिंग तपासून झालं. एकाच डब्यातल्या दोन प्रोग्रामांच्या मध्ये मेसेज हरवेल तरी कुठे?

प्रोग्राम मालकांच्या पुतण्यानं लिहिलेले. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. पैसे घेऊन लिहिलेला याहून वाईट कोड मी पुष्कळ पाहिला आहे. त्यानं आधीच दोन उपाय करून ठेवले होते. एक, 'काटा'मध्ये प्रत्येक मेसेजनंतर ०.२ सेकंदाचा स्लीप, म्हणजे विराम. दोन, सॉकेटवर टीसीपी नोडिले, म्हणजे बारीक तुकडे साठवून न ठेवता लगेच पाठवायची सोय. दोन्हींनी थोडे दिवस बरं वाटलं आणि तूट पुन्हा सुरू झाली.

आधी नंबर, मग संशय

मेसेजमध्ये काट्याचा क्रमांक, वेळ, लॉट, डिझाइन, वजन आणि टोकन एवढंच होतं. अनुक्रमांक नव्हता. तो नसेल तर किती हरवले ते कळतं, कोणते हरवले ते कळत नाही. आणि कोणते हे कळल्याशिवाय पुढची सगळी चर्चा हवेत. म्हणून कोडच्या दुरुस्तीला हात न लावता फक्त अनुक्रमांक घातला. 'काटा' पाठवण्याआधी तो नंबर आपल्या लॉगमध्ये लिहील, 'नोंद' घेतल्यावर आपल्या लॉगमध्ये लिहील, आणि मधल्या वाटेवर, म्हणजे लूपबॅक इंटरफेसवर, जाणारी पाकिटं टिपणारं टीसीपीडम्प चालू ठेवायचं. तीन ठिकाणी एकच मोजणी.

पहिल्याच घाईच्या दुपारी चित्र स्पष्ट झालं. 'काटा'च्या लॉगमध्ये सगळे नंबर. टीसीपीडम्पमध्येही सगळे. गळती फक्त 'नोंद'मध्ये. केबल, काटा आणि बायका एका झटक्यात संशयातून सुटल्या. मुनिमांना हे पटायला जरा वेळ लागला, पण तो तांत्रिक भाग नाही.

गळतीलाही एक चाल होती. ४१२ आहे, ४१३ आहे, ४१४ ते ४१७ नाहीत, ४१८ आहे. सुटेसुटे कुठेच नाहीत. गेले की लागोपाठ जातात. आणि दर वेळी त्याच्या आधी 'नोंद'च्या लॉगमध्ये मिनिट-दोन मिनिटांची शांतता. ४१२ घेतला ४ वाजून १७ मिनिटांनी, ४१३ घेतला १९ मिनिटांनी. तेवढ्या वेळात 'काटा' मात्र आपला पाठवतच होता.

ही दोन मिनिटं टेबलाशी उभं राहिल्यावर कळली. लेबलचा रोल संपतो. एक जण प्रिंटरचं झाकण उघडतो, जुनी नळी काढतो, नवा रोल बसवतो, झाकण दाबतो. 'नोंद' तोवर प्रिंटरपाशी अडकून पडलेला. बायका कशाला थांबतील? काटा वाजतोय, गठ्ठे सरकताहेत.

पुढच्या रोल बदलाला सॉकेटची स्थिती दाखवणारी एसएस कमांड दर सेकंदाला चालेल अशी लावून बसलो. 'नोंद'च्या सॉकेटसमोरचा रिसीव्ह-क्यू, म्हणजे आलेल्या पण अजून न वाचलेल्या बाइटांचा आकडा, एरवी शून्य असतो. झाकण उघडल्यावर तो ८७ झाला, मग १७४, मग २६१, ३४८, ४३५. एका मेसेजची लांबी बरोबर ८७ बाइट. म्हणजे पाच मेसेज कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये सुखरूप येऊन बसलेत. झाकण बंद झालं, लेबल बाहेर आलं आणि आकडा एकदम शून्यावर. त्याच वेळी, प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणाऱ्या एसट्रेसमध्ये, 'नोंद'चा एकच रेसीव्ह कॉल ('आलेले बाइट दे') दिसला, उत्तर ४३५. डेटाबेसमध्ये ओळ वाढली एक.

बाकीच्या चारांचं काय झालं ते कोडच्या तीन ओळींत होतं. रेसीव्हला १०२४ बाइट मागायचे; जे येईल ते उभ्या रेघेवर तोडायचं; पहिले सात भाग घ्यायचे. प्रत्येक मेसेजच्या शेवटीही उभी रेघ होती, त्यामुळे पहिला मेसेज स्वच्छ सुटा व्हायचा. आठव्या भागापासून पुढचं कुणी बघतच नव्हतं. चूक नाही, इशारा नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. पायथनच्या दृष्टीनं सगळं यथास्थित होतं.

"पण पाकिटं तर वेगळी दिसतात"

पुतण्याचा आक्षेप रास्त होता. टीसीपीडम्पमध्ये पाच पाकिटं वेगवेगळी, प्रत्येकावर पुशचा झेंडा. मग घेताना ती एक कशी होतात?

टीसीपीला मेसेज ही गोष्टच माहीत नाही. तिचा मूळ दस्तऐवज, आरएफसी ७९३, सप्टेंबर १९८१ चा. २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ नं त्याची जागा घेतली. पण चार दशकांत हे बदललं नाही : ती फक्त बाइटांचा सलग, क्रमवार ओघ पोचवण्याची हमी देते. पाठवणाऱ्यानं सेंड किती वेळा केलं आणि घेणाऱ्यानं रेसीव्ह किती वेळा केलं यांचा एकमेकांशी संबंध नाही. पुशचा अर्थ 'आता पुढे ढकल' इतकाच. तो मेसेज संपल्याची खूण नाही. पाकिटं कर्नलपर्यंत वेगळी येतात, तिथे क्यूमध्ये लागतात, आणि रेसीव्ह त्या क्यूमधून मागितले तितके किंवा असतील तितके बाइट उचलतो.

कारखान्यातच उभे होतो, त्यामुळे समजावणं सोपं गेलं. यंत्रमागावरून टॉवेल सुटा उतरत नाही. सलग तागा उतरतो, दोन टॉवेलांच्या मधे लूप नसलेली साधी पट्टी असते, आणि कटिंगवाला ती पट्टी बघून कापतो. टीसीपी तागा देते. पट्टी विणायची 'काटा'नं, कापायचं 'नोंद'नं. इथे पट्टीही धड नव्हती आणि कटिंगचं टेबलही नव्हतं.

हा दोष घरी टेस्ट करताना का दिसला नाही, हेही यातच आलं. लिनक्सवर लूपबॅकची एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, ६५,५३६ बाइट असते, म्हणून लहान मेसेज मध्येच तुटत नाही. आणि घेणारा मोकळा असेल तर पहिला आला की लगेच उचलतो, दुसरा यायला अवकाश असतो. एक सेंड, एक रेसीव्ह, असं हजार वेळा जुळतं आणि तोच नियम आहे असं वाटू लागतं. नेटवर्कवर हा दोष लवकर उघडा पडला असता. एकाच मशीनवर तो लपायला भरपूर जागा आहे.

त्या ०.२ सेकंदाच्या स्लीपबद्दल मला जरा राग आहे, कारण तो जिथे तिथे भेटतो. मेसेज चिकटतात? मधे थोडं थांब. पण चिकटणं पाठवणाऱ्याच्या वेगावर नसतं, घेणारा किती वेळ गुंतला आहे यावर असतं. घेणारा दोन मिनिटं प्रिंटरपाशी उभा असेल तर ०.२ सेकंदाच्या विश्रांतीनं काय होणार? नोडिलेचीही तीच गत. ते नेगलचा अल्गोरिदम बंद करतं. १९८४ च्या आरएफसी ८९६ मधला हा अल्गोरिदम पाठवणाऱ्याच्या बाजूला बारीक तुकडे एकत्र करतो. आमचे तुकडे घेणाऱ्याच्या दारात एकत्र होत होते.

यूडीपी का नाही

पुतण्याच्या मित्रानं सुचवलं होतं, टीसीपीऐवजी यूडीपी ही दुसरी पद्धत घे, त्यात मेसेजच्या सीमा टिकतात. टिकतात हे खरं. पण यूडीपीत घेणाऱ्याचा बफर भरला की नवा मेसेज गुपचूप टाकून दिला जातो, आणि पाठवणाऱ्याला सेंड यशस्वीच दिसतो. एकाच मशीनवर यूडीपी काही टाकत नाही, हा समज चुकीचा आहे. लिनक्सवर हा बफर सहसा २,१२,९९२ बाइटांचा असतो, आणि त्यात मजकुराबरोबर कर्नलचा प्रत्येक पाकिटामागचा वरखर्चही धरला जातो. त्यामुळे लहान मेसेज भागाकार करून वाटतात त्याच्या कितीतरी कमी मावतात. तशी गळती झालीच तर ती प्रॉक फोल्डरमधल्या यूडीपीच्या फाइलीत, 'ड्रॉप्स'च्या रकान्यात दिसते. बघणारा पाहिजे.

एकाच मशीनच्या आत चालणाऱ्या युनिक्स डोमेन सॉकेटचा सीक्वेन्स्ड पॅकेट प्रकार मात्र इथे शोभला असता. लिनक्समध्ये तो कर्नल २.६.४ पासून आहे. मेसेजची सीमा, क्रम आणि खात्री तिन्ही देतो. पण मालकांना पुढे गोदामात दुसरा काटा आणि दुसरा कॉम्प्युटर बसवायचा होता, आणि युनिक्स सॉकेट मशीनची भिंत ओलांडत नाही. म्हणून टीसीपीच ठेवली आणि मेसेजला शेवट द्यायचं ठरलं.

लक

इथे मधे एक वळण आलं. बायकांचा हिशेबावरचा विश्वास उडालेला. त्यांनी मागणी केली की स्क्रीनवर टोकन नंबर नको, नाव दिसू दे. बहुतेक जणी शहराच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू, पण वाचायला मराठी. मालकांनी हो म्हटलं. पुतण्यानं एकाच दमात दोन्ही बदल केले : मेसेजमध्ये शेवटी देवनागरीत नाव, आणि मेसेजच्या आधी चार अंकी लांबी, म्हणजे 'नोंद'नं आधी चार बाइट वाचायचे आणि मग तेवढेच बाइट घ्यायचे. लांबी आधी पाठवणं ही उत्तम पद्धत आहे. त्यानं इंग्रजी नावं टाकून तपासलं, सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक सोडून एक गठ्ठा गायब होऊ लागला.

आधी कधीतरी जायचे, आता निम्मे. मला फोन आला तेव्हा त्यानं एक गोष्ट आपणहून सांगितली, आणि ती ऐकून निम्मं काम झालं : स्क्रीनवर नावं अर्धवट येतात. 'लक्ष्मी' असेल तिथे नुसतं 'लक'.

मोजून बघा. 'लक्ष्मी' वाचणाऱ्याला दोन अक्षरं. पायथनच्या लेनला, म्हणजे लांबी मोजणाऱ्या फंक्शनला, सात : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ ई. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, यातलं प्रत्येक तीन बाइटांचं, म्हणजे सॉकेटवर २१. लांबी मोजली होती मजकुराची, पाठवले होते बाइट. चौदाचा फरक. 'नोंद' चौदा बाइट आधीच थांबायचा. नावाचे सातच बाइट त्याच्या हाती लागायचे, म्हणजे ल, क आणि हलन्ताचा एक बाइट. डिकोड करताना, म्हणजे बाइटांची पुन्हा अक्षरं करताना, चुका दुर्लक्षित करा असं लिहिलं असल्यामुळे तो एकटा बाइट गळून 'लक' उरायचं. उरलेले चौदा बाइट पुढच्या मेसेजच्या तोंडाशी. त्यातले पहिले चार लांबी म्हणून वाचायचे, त्यांचा अंक होत नाही, एक्सेप्शन, सॉकेट बंद.

आता 'काटा'च्या बाजूनं बघा. न वाचलेले बाइट क्यूमध्ये असताना सॉकेट बंद केला की लिनक्स सभ्यपणे निरोप घेत नाही, थेट आरएसटी, म्हणजे कनेक्शन तोडल्याचा संदेश, पाठवतो. 'काटा'चा पुढचा सेंड त्यामुळे चुकतो. 'काटा' नवं कनेक्शन जोडतो, पण ज्या मेसेजवर चूक आली तो पुन्हा पाठवत नाही. तिसरा मेसेज नव्या कनेक्शनवर नीट जातो, नाव तोडून. चौथा बुडतो. एक सोडून एक, याचा उलगडा हा असा.

दुरुस्ती एका ओळीची : आधी एनकोड करा, मग लांबी मोजा. तरी मी शेवटी लांबी काढून नव्या ओळीचं चिन्ह ठेवलं, कारण लॉग डोळ्यांनी वाचता येतो, आणि घोळ झालाच तर पुढच्या ओळीला गाडी आपोआप रुळावर येते. यूटीएफ-८ मध्ये बहु-बाइट अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. नवी ओळ म्हणजे १०. त्यामुळे देवनागरी मजकुराच्या पोटात ती चुकूनही सापडत नाही. अट एवढीच की तोडायचं बाइटांवर आणि डिकोड करायचं पूर्ण ओळ हाती आल्यावर. आधी डिकोड केलं तर १०२४ वा बाइट एखाद्या अक्षराच्या मधोमध पडतो. आणखी एक बारीक काळजी : नावं एक्सेलमधून चिकटवलेली होती, काहींच्या शेपटीला नवी ओळ लागलेली. ती 'काटा'मध्येच साफ केली.

घेणाऱ्याचं काम आता असं : जे बाइट येतील ते शिल्लक साठ्यात जोडायचे, साठ्यात नवी ओळ सापडेल तोवर एकेक तुकडा कापून कामाला लावायचा, उरलेलं तसंच ठेवून पुन्हा रेसीव्ह. रिकामं उत्तर आलं तर समोरचा गेला. आणि नाव धरून भाग आठ नसतील तर ती ओळ फेकायची नाही, वेगळ्या फाइलीत लिहायची.

मुनिमांचा उपाय

यानंतर रोल बदलताना गळती थांबली. तरी क्वचित, आठवड्यातून एखाद्या वेळी, चार-पाच गठ्ठे जायचेच. आता नंबर हाताशी होते, म्हणून शोधायला वेळ लागला नाही. अशा प्रत्येक गळतीच्या जागी 'नोंद'च्या लॉगमध्ये प्रोग्राम सुरू झाल्याची ओळ होती.

प्रिंटर अडकला की मुनीम 'नोंद' बंद करून पुन्हा चालू करत. त्यांना तसं कुणीतरी शिकवलं होतं आणि त्यानं प्रिंटर खरंच सुटायचा. पण त्या क्षणी रिसीव्ह-क्यूमध्ये जे बसलेलं असेल ते प्रोग्रामबरोबर जायचं. 'काटा'च्या दृष्टीनं ते केव्हाच पोचलेलं. सेंड यशस्वी झाला याचा अर्थ एवढाच, की आपले बाइट आपल्या कर्नलनं उचलले. टीसीपीची पोच आली तरी ती समोरच्या कर्नलची पोच. समोरच्या प्रोग्रामनं वाचलं का, डेटाबेसमध्ये लिहिलं का, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आणि टुक तर सेंड यशस्वी झाल्यावरच वाजत होतं.

मुनिमांना 'बंद करू नका' असं सांगून भागलं नसतं. लाइट जाणं, कुणाच्या पायात वायर येणं, हे त्यांनी न करताही होतंच. म्हणून पोच प्रोग्रामनं द्यायची. 'काटा' प्रत्येक मेसेज आधी आपल्या फाइलीत लिहितो, मग पाठवतो. 'नोंद' डेटाबेसमध्ये कमिट झाल्यानंतरच, म्हणजे ओळ पक्की लिहिली गेल्यावरच, तो नंबर परत पाठवतो. तो आला की 'काटा' टुक वाजवतो आणि फाइलीत खूण करतो. कनेक्शन तुटून पुन्हा जोडलं तर पोच न आलेले सगळे नव्यानं जातात. यात एखादा मेसेज दोनदा जाऊ शकतो, म्हणजे कमिट झालं पण पोच परत येण्याआधी लाइट गेली, तर. त्यासाठी डेटाबेसच्या टेबलवर काट्याचा क्रमांक आणि अनुक्रमांक मिळून युनिक कंस्ट्रेंट. दुसऱ्यांदा आलेला नंबर डेटाबेस नाकारतो आणि 'नोंद' तरीही पोच देतो. ही शेवटची पोच विसरली तर 'काटा' तोच मेसेज जन्मभर पाठवत राहील.

छपाई 'नोंद'मधून काढून वेगळ्या प्रोग्रामला दिली. तो डेटाबेसमधून न छापलेल्या ओळी उचलतो. झाकण उघडं राहिलं तर लेबलं थांबतात, नोंदी थांबत नाहीत. मुनीम आता या छपाईच्या प्रोग्रामला हवं तितक्या वेळा बंद-चालू करतात.

टुक आधीपेक्षा किंचित उशिरा वाजतं. हे सगळ्यात आधी बायकांच्याच लक्षात आलं. एरवी जाणवत नाही, पण डेटाबेस कशात गुंतला असेल तर गठ्ठा हातात धरून क्षणभर थांबावं लागतं. त्या थांबतात.

मागच्या तुटीचा प्रश्न उरला. 'काटा' पहिल्यापासून वजनाचा एक साधा लॉग ठेवत होता. त्यात अनुक्रमांक नसला तरी वेळ आणि टोकन होतं. तो डेटाबेसशी ताडून पाहिला आणि जे गठ्ठे वजन होऊनही चढले नव्हते त्यांची मजुरी मालकांनी पुढच्या पगारात दिली. पण पुतण्यानं डिस्क भरू नये म्हणून जुने लॉग आपोआप पुसले जातील अशी सोय केली होती. त्याच्या आधीच्या महिन्यांचं काही हाती लागलं नाही. तिथे मालक आणि बायकांनी बसून एक आकडा ठरवला.